शेरू, मोती आणि इन्साफ

घरात शांतता राहावी म्हणून बलवानाची बाजू घेणे न्याय्य आहे का? प्रश्न मोठा आहे आणि आम्ही तो दोन कुत्र्यांच्या निमित्ताने मांडणार आहोत. कुणाला हसू येईल, कुणाच्या कपाळावर आठी पडेल. पण अचलपूर-परतवाड्यापासून अकोट-बाळापूरपर्यंत ज्यांची वावरे आणि संत्र्याच्या बागा आहेत, त्यांना कुत्र्यावाचून भागत नाही. रात्री रोही येतात, रानडुकरे येतात. मुसलमान शेतकऱ्याच्या दारातही कुत्रा असतो. शेताच्या व गुराढोरांच्या राखणीसाठी कुत्रा पाळायची मुभा आहे आणि असहाबे कहफच्या गुहेच्या तोंडाशी बसलेल्या कुत्र्याचा उल्लेख तर खुद्द कुरआनात आहे. आपल्या हनफी घरांत त्याची लाळ नापाक मानतात, म्हणून त्याची जागा अंगणात किंवा गोठ्याजवळ. पण त्याच्या खाण्यापिण्याची आणि सुरक्षेची जबाबदारी घरधन्याचीच असते.

आता समजा, दारात थोरला शेरू आहे आणि नंतर आणलेला मोती आहे. दोघेही नर. मोती पिल्लू असेपर्यंत सारे ठीक चालते. तो दीड-दोन वर्षांचा झाला की गुरगुर सुरू होते. कधी भाकरीवरून, कधी सावलीवरून, तर कधी बंडीतून उतरणाऱ्या मालकाकडे आधी कोण धावतो यावरून. मग सल्ले येतात. एक म्हणतो, ‘थोरल्यालेच आधी टाका, मंग भांडन होत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘जो जिकन तो मोठा, तुम्ही मधात पडू नका.’ तिसरा मालकालाच काठी घेऊन दोघांवर रोब बसवायला सांगतो. तिन्ही सल्ल्यांचे मूळ एकच आहे : कुणीतरी मोठा असलाच पाहिजे आणि बाकीच्यांनी झुकलेच पाहिजे.

या समजुतीला विज्ञानाचाही आधार आहे, असे पुष्कळ वर्षे मानले गेले. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधील बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. एका आवारात कोंडलेले ते लांडगे वरच्या जागेसाठी झगडत होते. अमेरिकेचे लांडगा-अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ही कल्पना जगभर नेली आणि कुत्रे शिकवणाऱ्यांनी ती कुत्र्यांना लावली. पुढे मीच यांनी उत्तर कॅनडाच्या एल्समेर बेटावर मोकळ्या रानातले लांडगे अनेक वर्षे पाहिले. १९९९ साली त्यांनी लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची मुले. तिथे म्होरक्या लढाईने ठरत नाही. स्वतःचे गाजलेले पुस्तक छापणे थांबवावे म्हणून ते प्रकाशकाला सांगत राहिले आणि २०२२ साली त्याची छपाई थांबली.

याचा अर्थ कुत्र्यांत वरचढपणा नसतोच, असा नाही. पण तो कपाळावर लिहिलेला नसतो. भाकरीपुढे शेरू मागे हटणार नाही. बसायच्या जागेसाठी मोती हटणार नाही. वस्तू बदलली की वरचढ बदलतो. आणि वस्तू कमी, जागा अडचणीची असेल, तर झगडा वाढतो. आम्हा शिक्षकांना हे नवे नाही. मधल्या सुट्टीत साठ मुले आणि नळ एकच असेल, तर धक्काबुक्की होणारच. मुलांच्या स्वभावाला नावे ठेवण्याआधी नळ मोजावेत.

इथे एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. सारखे वागवायचे म्हणून दोन वाडगी शेजारी-शेजारी ठेवली, तर मोतीच रक्तबंबाळ होईल. खरे आहे. पण इन्साफ म्हणजे शेजारी ठेवलेली दोन वाडगी नव्हेत. ज्याचे त्याला, आणि न भिता मिळावे, हा इन्साफ. त्यासाठी वाडगी इतकी लांब ठेवावीत की एकाला दुसरा दिसू नये. हाडूक द्यायचे तर वेगळे बांधून द्यावे. मालकाने दोघांना वेगवेगळे जवळ बोलवावे. मोकळ्या वावरात दोघांना सोबत चालवावे. गुरगुरल्याबद्दल मारू नये. गुरगुरणे ही सूचना आहे, ती मारून बंद केली की कुत्रा न सांगता चावतो. शांत कुत्रा एकाएकी चिडका झाला, तर कुठे दुखत असेल, पशुवैद्याला दाखवावे. खच्ची केल्याने काही जोड्यांतली भांडणे कमी होतात, सगळ्यांतली नाही. झुंज लागलीच तर मधे हात घालू नये. पाण्याची बादली ओतावी, बाज आडवी सारावी. माणसाला दात लागला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा. एवढे करूनही जमले नाही, तर एकाला दुसरे चांगले घर शोधावे.

ही सारी मेहनत आहे. ‘थोरल्याला आधी टाका’ हा सल्ला लोकांना आवडतो, कारण त्यात ही मेहनत वाचते. तिची किंमत मोती चुकवतो.

आम्हाला हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस आठवते. त्यांच्या वडिलांनी त्यांना काही देणगी दिली आणि पैगंबर (स.) यांना साक्षीदार करायला नेले. पैगंबरांनी विचारले, सगळ्या मुलांना असेच दिले का? नाही, असे उत्तर आले. पैगंबरांनी साक्षीदार व्हायला नकार दिला आणि मुलांत इन्साफ करायला सांगितले. तिथे भांडण झाले नव्हते, कुणी तक्रारही केली नव्हती. तरी प्रश्न विचारला गेला.

आपल्या घरांत हा प्रश्न विचारला जातो का? वर्गात गप्प बसवायला आम्ही शिक्षक दांडगा मुलगाच मॉनिटर करतो. वर्ग शांत होतो, मागच्या बाकावरचा लहानखुरा मुलगा त्याची किंमत देतो. शरीयतने ठरवलेला हिस्सा बहिणीने मागितला की घरातले वडीलधारे तिलाच समजावतात, ‘बेटी, भाईयों से रिश्ता मत तोड.’ भावांना समजावायला कुणी जात नाही, कारण भाऊ गुरगुरतात आणि बहीण गुरगुरत नाही. मग आपण म्हणतो, आमच्या घरात वाटणीवरून कधी वाद झाला नाही.

कुत्र्याला हक्क मागता येत नाही आणि त्याचा हिशेब विचारायला कुणी येत नाही. म्हणून तर तिथे आपला इन्साफ कसाला लागतो. मोती वाडग्याकडे येताना शेपूट पायांत घालून, इकडेतिकडे पाहत येत असेल, तर अंगणात भांडण नाही एवढ्यावर घरधन्याने समाधान मानू नये. उठावे आणि वाडगे दुसऱ्या जागी ठेवावे.