जाड भिंतीतलं दार

जुन्या वाड्याची भिंत समोर आहे असं समजा. ओटी आणि माजघर यांच्यामधली, दोन फूट जाडीची, कच्च्या विटांची, मातीतच बांधलेली. वाळवीनं पोखरलेली जुनी चौकट काढली आहे. नवी सागवानी चौकट अंगणात तयार आहे. तिला अजून हात लावू नका. आधी त्या मोकळ्या जागेत उभे राहा. तळवे दोन्ही बाजूंना टेकवा. मातीचा गारवा हाताला लागू द्या.

आता नजर खालून वर न्या. भिंत पायाशी रुंद आहे, वर निमुळती होत गेली आहे. मध्येच फुगली आहे, कुठे आत गेली आहे. तिला वाकडी म्हणू नका. वरच्या मजल्याचा भार ती अशीच पेलत आली आहे.

ओळंबा सोडा. वजन डोलेल. ते थांबेपर्यंत काहीही करू नका. दोरी स्थिर झाली की भिंत आणि दोरी यांच्यामधलं अंतर पाहा: खाली एक, वर दुसरं. त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहा. सगळं काम या अंतरात आहे. भिंतीचं ऐकून बसवलेलं दार आपोआप उघडतं नाहीतर मिटतं. ओळंब्यात बसलेल्या चौकटीची झडप अर्धी उघडून सोडली तरी तिथंच थांबते. म्हणून चौकटीनं दोरीचं ऐकायचं. समोरासमोरून पाचरी सारा. एक हलका ठोका, मग दोरीकडे एक नजर. दोन्ही कर्ण सारखे भरेपर्यंत हेच.

चौकट भिंतीच्या मधोमध बसवणं मला पटत नाही. झडप काटकोनात येऊन भिंतीच्या जाडीवर आदळते. दार ज्या खोलीत उघडतं तिच्या अंगाला चौकट बसवा, म्हणजे झडप पूर्ण मागे जाऊन भिंतीला टेकेल. दुसऱ्या अंगाला भिंतीची जाडी उरेल. तिथं क्षणभर थांबा. इथं तुम्ही ओटीवर नाही, माजघरातही नाही.

आता चौकट आणि भिंत यांच्यातली फट झाकणारी पट्टी. ती भिंतीलगत उभी धरा. लाकडाचा एक छोटा ठोकळा भिंतीला घासत वरून खाली आणा आणि त्याच्या कडेनं पट्टीवर पेन्सिल ओढत चला. भिंतीचा प्रत्येक फुगवटा लाकडावर उतरेल. त्या रेघेपर्यंत रंधा मारा, सावकाश. पट्टीची एक कड चौकटीसारखी सरळ, दुसरी भिंतीसारखी. ही दुसरी कड मला साऱ्या दारात सर्वांत सुंदर वाटते.

झडप आणि चौकट यांच्यात उन्हाळ्यात नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवा. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं.

कडा बुजवताना मात्र सिमेंट वापरू नका. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती कोंडून ठेवतं, आणि कोंडलेल्या ओलीनं चौकटीचा पाय कुजतो. माती आणि चुना वापरा, आणि गिलाव्याला वाळायला हवे तेवढे दिवस द्या.