सुटे भाग

"काका, उघडून बघू?" असं त्या मुलीने विचारलं तेव्हा स्क्रूड्रायव्हर आधीच तिच्या हातात होता. माझा 1977चा फेंडर प्रिसिजन बेस आमच्या कल्याणच्या घरात दिवाणावर, जुन्या चादरीवर आडवा पडला होता. मी म्हटलं, बघ. नाही कसं म्हणणार? वाजवून बघणारा नवशिका. जाणतं गिऱ्हाईक आधी खोलून बघतं.

तिने तारा सैल करून काढल्या. मागच्या पट्टीचे चार स्क्रू काढून मान वेगळी केली, मग पिकगार्ड उचललं आणि मोबाइलच्या उजेडात पॉटवरचे आकडे वाचायला लागली. 137 म्हणजे सीटीएस कंपनी, पुढचे 77 म्हणजे साल, त्यापुढचे दोन म्हणजे त्या सालातला आठवडा. टोनच्या पॉटवर हे सगळं शाबूत होतं. व्हॉल्यूमच्या पॉटवर काहीच नव्हतं, कारण तो मी 1993 साली लॅमिंग्टन रोडवरून आणून स्वतः डाग देऊन बसवलेला.

"हा बदललाय ना?"

"हो."

"फ्रेट?"

"एकदा."

"नट?"

"तोही."

माझ्या प्रत्येक होकाराला किंमत उतरत होती. मानेच्या खाचेशी एक बारीक चीर आहे, चिकटवून वरून पॉलिश मारलेली. ती तिला दिसली नाही. आमच्या घरात रोज पंचशील म्हटलं जातं आणि चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. सकाळी अंघोळ करून ते म्हणणं सोपं असतं. एक लाख नव्वद हजारांवरून बोलणी सुरू झालेली असताना तेच शील घशात अडकतं. दोन मिनिटं मी गप्प बसलो. मग चीर दाखवली. तिने मान डोलावली आणि मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेतलं.

मी शिकलो औरंगाबादला, मिलिंद महाविद्यालयात. बाबासाहेबांनी 1950 साली कॉलेज काढलं, त्याला मिलिंद राजाचं नाव आणि परिसराला त्याच्या गुरूचं, नागसेनवन. त्यामुळे नागसेनाने मिलिंदाला दिलेला रथाचा दृष्टांत आम्हाला पाठ्यपुस्तकाआधीच पाठ झालेला. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? नाही, नाही, नाही. भाग जुळले की व्यवहारापुरतं रथ म्हणायचं, एवढंच. पण दिवाणावरचे ते सुटे भाग बघताना माझ्या लक्षात आलं की नागसेनाला रथ विकायचा नव्हता. जुन्या वाद्यांचा बाजार नेमका उलट बोलतो. तो म्हणतो, चाक महत्त्वाचं, आस महत्त्वाची, आणि मूळची असेल तर तिचे वेगळे पैसे.

मला आठवत होती ती दुसरी गोष्ट, संयुत्त निकायातली. एका राजाने वीणा कधी ऐकलेली नसते. एक दिवस कानावर पडते आणि तो वेडा होतो. विचारतो, हे काय? वीणा, महाराज. घेऊन या. आणतात. राजा म्हणतो, ही नको, मला तो आवाज आणून द्या. लोक परोपरीने सांगतात की दोणी, चामडं, दांडी, तारा, वाजवायची नखी आणि माणसाचा प्रयत्न, एवढं सगळं एकत्र आलं तर आवाज होतो. राजाला पटत नाही. तो वीणा फोडतो, दहा तुकडे, शंभर तुकडे, ढलप्या करतो, जाळतो, राख वाऱ्यावर सोडतो. आवाज सापडत नाही. मग म्हणतो, वीणा ही फालतू वस्तू आहे.

बुद्धाने ही उपमा 'मी' आणि 'माझं' यांच्यासाठी दिली. पाच स्कंध उकलत जा, आत 'मी' सापडायचा नाही. तर्क मला तरुणपणीच पटला होता. पटणं आणि बेस विकणं यांच्यामध्ये चाळीस वर्षं गेली.

हा बेस मी 1985 साली धोबीतलावच्या एका कुडात घेतला. कूड म्हणजे गोव्याच्या गावोगावच्या लोकांनी मुंबईत चालवलेली राहण्याची जागा. तिथे जहाजावर नोकरी करणारा एक गोवेकर उतरला होता आणि त्याला पुढच्या जहाजाआधी पैसे हवे होते. माझे बँकेतले पाच पगार गेले. घरी आई महिनाभर बोलली नाही. पण त्या एप्रिलमध्ये चौदा तारखेपासून महिनाभर आमच्या पार्टीला रात्र मोकळी नव्हती. वस्तीवस्तीत जयंतीचे कार्यक्रम, ट्रकच्या फाळक्यावर स्टेज, पुढे ढोलकी, कोरस, आणि मागे मी. बेस लोकांना ऐकू येत नाही. बंद पडला तर मात्र पहिल्या रांगेतली म्हातारीसुद्धा मान वर करून बघते.

त्याच पार्टीचा ढोलकीवाला दर खंडेनवमीला सगळ्या वाद्यांना कुंकू लावायचा. माझं घर बावीस प्रतिज्ञांचं. पहिल्या वर्षी मी त्याच्यादेखत पुसलं. त्याला वाईट वाटलं, मला त्याहून. दुसऱ्या वर्षापासून तो लावायचा आणि मी घरी आल्यावर पुसायचो, दोघांनीही विषय काढला नाही. ब्रिजच्या एका स्क्रूच्या खाचेत ते थोडं उरलंय.

"काका, हा लाल डाग कसला? गंज वाटत नाही."

"ढोलकीवाल्याचा आहे," मी म्हटलं. तिने तो पुसला नाही.

विकायचं कारण साधं. डाव्या हाताची बोटं आखडतात. या बेसची तारेची लांबी 34 इंच. खालच्या पट्ट्यांवर पंजा ताणावा लागतो, आणि साडेचार किलो वजन खांद्यावर. पैशांची नड नाही. ही म्हणते, "अहो, सगळं अनित्य आहे हे तुम्हीच ना सांगत असता? मग तोंड का उतरलंय?" तिला उत्तर द्यायला मला राजाच्या गोष्टीतली यादी पुन्हा मोजावी लागली. तिच्यातली शेवटची बाब मी आजवर घाईत वाचत आलो होतो. माणसाचा प्रयत्न. पालीत शब्द आहे वायाम, आपला व्यायाम. त्या यादीत माणूस मालक म्हणून येतच नाही. दोणी, चामडं, तारा यांच्या रांगेत तोही एक भाग म्हणून उभा आहे. म्हणजे चाळीस वर्षं मी या बेसचा धनी नव्हतो, त्याला बसवलेला एक पार्ट होतो. तोही मूळचा नव्हे, गोवेकराच्या जागी बदललेला. फ्रेट झिजले, बदलले. नट झिजला, बदलला. आता बोटं झिजली.

हे ऐकून ही म्हणाली, "मग बरंच झालं की." तर्क म्हणून बरंच झालं. पण त्या उपमेबद्दल माझी एक तक्रार आहे. राजाने आवाज एकदाच ऐकला होता, तोही लांबून. आवाज लाकडात नसतो हे समजायला त्याला वीणा जाळावी लागली. ज्याने ती चाळीस वर्षं वाजवली त्याला हे आधीच ठाऊक असतं. त्याची अडचण वेगळी आहे. तो आवाज आपल्यात तरी होता का, हे त्याला वाद्य हातातून जाईपर्यंत कळायला मार्ग नसतो.

मुलीने सगळं परत जोडलं, तारा चढवल्या, सुरात लावल्या, आणि तेव्हा कुठे वाजवला. चांगली वाजवते. माझ्यापेक्षा अंगठा हलका. मानेवरच्या शिसवीच्या फळीवर, माझ्या बोटांनी जिथे लाकूड खाल्लंय तिथेच तिची बोटं पडत होती. पडणारच, सूर तिथेच आहेत. "प्लेअर ग्रेड आहे काका," ती म्हणाली. म्हणजे कपाटात ठेवायचा नाही, वाजवायचा. एक लाख पंचावन्नला ठरलं. पट्टा मी फुकट दिला. अँप तिला नको होता. नाशिकची गाडी गाठायची म्हणून चहाही अर्धाच प्याली.

संध्याकाळी मी अँप चालू केला. का, ते विचारू नका. केबलचं एक टोक अँपमध्ये, दुसरं मोकळं. त्या मोकळ्या जॅकच्या टोकाला अंगठा लावला आणि खोलीभर घुर्र आवाज भरला. भिंतीतल्या विजेची पन्नास हर्ट्झची घरघर माणसाच्या अंगातून उतरून अँपमध्ये जाते, त्यात चमत्कार काही नाही. जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा जी 49चा असतो. म्हणजे हा त्याहून किंचित चढा.

आतून ही ओरडली, "अहो, तो दिलात ना?"

मी अंगठा काढला. परत लावला.