अंकाची साक्ष

आळस हा दुर्गुण होय, असें आम्ही विद्यार्थ्यांस तीस वर्षें सांगत आलों. त्याच शब्दानें आमच्या हातून घरांत एक अन्याय घडला. आमच्या पत्नीस दिवसा झोंप येई, थंडी सोसवेना, जिना चढतांना पाय जड होत. आम्हीं त्यास आळस म्हटलें. दोन वर्षांनीं येथील, भिवंडींतील, एका डॉक्टरांनीं रक्त तपासविलें, तेव्हां दोष स्वभावाचा नसून गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीचा ठरला.

ह्या तपासणीचें मर्म यंत्रमागांच्या ह्या गांवीं सहज समजावें. कारागिराचा हात मंदावला कीं मुकादमाचा आवाज चढतो. मेंदूच्या तळाशीं असलेली पीयूषिका ग्रंथि हा तो मुकादम, आणि टी. एस. एच. हा त्याचा आवाज. थायरॉईडचें काम कमी पडलें कीं तो चढतो, अति झालें कीं उतरतो. परंतु मुकादमच आजारी असेल, तर काम थंडावूनही आवाज चढत नाहीं. म्हणून प्रत्यक्ष निघालेलें कापड, म्हणजे टी-४, हेंही मोजावें लागतें.

टी. एस. एच.ची मर्यादा प्रौढांत साधारणतः लिटरमागें ०.४ ते ४ मिलि-एकक मानतात. ही निसर्गानें आंखलेली रेषा नव्हे. १०० निरोगी माणसांपैकीं मधल्या ९५ जणांच्या अंकांवरून ती ठरते. उरलेले ५ जण निरोगी असूनही रेषेबाहेर राहतात. शिवाय हा अंक रात्रीं चढतो, दुपारीं उतरतो, गर्भारपणीं बदलतो. रक्तांतील इतकीं सूक्ष्म द्रव्यें मोजण्याची वाट १९६० च्या सुमारास रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनीं दाखविली. १९७७ सालीं यॅलोबाईंस नोबेल पारितोषिक मिळालें. तत्पूर्वीं कित्येक दुखणीं आळसाच्या नांवावर जमा झालीं असतील!

अहवाल हातीं येतांच आम्हीं पत्नीची क्षमा मागितली. ती एवढेंच म्हणाली, "अंक सरळ आला असता, तर?"

ह्या प्रश्नानें आम्ही निरुत्तर झालों. दोन वर्षें तिचें बोलणें आम्हांस पुरावा वाटलें नाहीं. कागदावरचा अंक मात्र वाटला. औषधाचा निर्णय अंकावांचून करूं नये, हें खरें; अकारण घेतलेलें थायरॉक्सीन हृदयाची लय बिघडवितें, हाडें झिजवितें. परंतु माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार प्रयोगशाळेस कोणीं दिला? तो तिनें मागितला नव्हता. आम्हींच देऊन टाकला होता. थकव्याचें कारण थायरॉईड असो वा नसो, थकवा खराच असतो.

औषध चालू आहे. ठराविक मुदतीनें अंक पाहतों; मात्र त्याआधीं आतां तिलाच विचारतों.