वहीतील ऋण



आबे द्युबुआ या फ्रेंच धर्मगुरूंनी १७९९ नंतरची अनेक वर्षे म्हैसूर व श्रीरंगपट्टणच्या परिसरात सेवाकार्यात घालवली. लोकांसारखा वेश करून, त्यांच्यात राहून त्यांनी लोकांचे आचारविचार न्याहाळले व लिहून काढले. ते हस्तलिखित ईस्ट इंडिया कंपनीने १८०७ साली विकत घेतले. १८१६ साली ते लंडनमध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले आणि त्यांची कीर्ती झाली. परंतु विसाव्या शतकात संशोधकांना आढळले, की त्या ग्रंथाचा मोठा भाग फादर केर्दू या येशूसंघीय मिशनऱ्यांच्या आधीच्या लेखनावर आधारलेला होता. ते ऋण मात्र अनुल्लेखितच राहिले होते.

आपण दोष देण्याची घाई करू नये. प्रवचन करणारे, लेख लिहिणारे आपणही वही बाळगतो. तीत कुणा वडीलधाऱ्याचे बोल असतात, कुणाच्या प्रवचनातला दृष्टान्त असतो. वर्षे लोटतात, शाई फिकी होते आणि उसना विचार आपलाच वाटू लागतो.

संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतात, की आपल्याआधी अनेकांनी हे काम हाती घेतले होते आणि साक्षीदारांनी पाहिलेले आपल्यापर्यंत पोहोचवले. या कबुलीने त्यांचे लेखन उणे झाले नाही. ते अधिकच विश्वसनीय ठरले.

म्हणून विचार टिपताना शेजारी तो देणाऱ्याचे नाव व दिनांकही लिहू या. मग लेखनासाठी वही उघडताच प्रथम उपकारस्मरण घडेल. प्रभू आपली लेखणी प्रामाणिक ठेवो!