आधीच्या मालकाची सवय

अमेरिकेत ठासणीची रिव्हॉल्व्हरं जुन्या बाजारातून घेणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. हातात येतं ते बहुधा यादवी युद्धातलं अस्सल शस्त्र नसतं. कोल्टच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ची किंवा रेमिंग्टनची ती प्रतिकृती असते, इटलीत ब्रेशियाजवळच्या व्हाल ट्रोम्पिया खोऱ्यात घडलेली. आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. तिथे १९६८ च्या केंद्रीय कायद्याने अशी शस्त्रं बंदुकीच्या व्याख्येबाहेर ठेवली. राज्याराज्यांचे नियम निराळे. तरी या सवलतीमुळे ती सहज हात बदलतात आणि पारखण्याचा सगळा भार घेणाऱ्यावर येतो.

पारखायची असते आधीच्या मालकाची सवय. यांत भरतात ती काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळली तरी तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू होत नाही. त्याचे क्षार होतात, काही धुरात जातात, काही पोलादाला चिकटतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि गंज धरतो. नुसतं तेल फासून ते निघत नाहीत. गरम पाणी, साबण, मग पूर्ण कोरडं करून तेल, आणि हे सगळं बार काढले त्याच दिवशी. एखाद्याने केलेला आळस कित्येक वर्षांनंतर दुसऱ्याला नळीतल्या खड्ड्यांत दिसतो. वरून कितीही चकाकी आणलेली असो, नळीत उजेड टाकून पाहू देणारा, स्फोटक टोपी बसते ती निपल उघडून दाखवणारा विक्रेताच मला भरवशाचा वाटतो.

घरी आणल्यावर घोडा ओढावा तर गोळ्यांचं चक्र अडतं, किंवा जागेवर पक्कं बसत नाही. अशा वेळी कानस हातात घ्यायची घाई फार नुकसान करते. फुटलेल्या टोपीचा तुकडा आत पडलेला असतो, चक्राच्या आसावर काजळी घट्ट झालेली असते, किंवा कोल्टची नळी धरणारी पाचर जास्त ठोकलेली असते. खोला, धुवा, पाचर किंचित मागे घ्या, थकलेली स्प्रिंग बदला. कानशीने उतरलेलं पोलाद परत चढत नाही.

या सगळ्याच्या आधीचं काम मात्र वेगळं आहे. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते, आणि अशी जुनी शस्त्रं भरलेली सापडतात. ‘रिकामं आहे’ असं सांगणाऱ्याला पुष्कळदा स्वतःलाच खात्री नसते. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून निपलांवर टोप्या नाहीत ना ते बघा. मग चक्राच्या प्रत्येक घरात लाकडी काडी घालून खोली मोजा आणि ती चक्राच्या बाहेरच्या लांबीशी ताडून पाहा. जरा शंका आली तरी जाणत्या बंदूक-कारागिराकडे न्या. काडी सहाही घरांत तळाला टेकेपर्यंत घोडा ओढून पाहू नका.