शिपायाचा पगार

सातारा-सांगलीकडील पुष्कळ घरांत ‘आमचे पणजोबा बसऱ्याच्या लढाईंत होते’ एवढीच एक आठवण उरलेली असते. पराक्रमाचा कांहीं लेखी दाखला मिळावा या आशेनें वंशज दफ्तरें धुंडाळूं लागतात. हातीं कांहीं लागलेंच तर तें बहुधा पगाराचें टिपण, पेन्शनचा हुकूम किंवा मनिऑर्डरची पावती असते. तींत शौर्याचें अवाक्षर नसतें. नंबर, पलटण, बापाचें नांव, गांव, वारस आणि रुपये-आणे-पै एवढाच मजकूर. (तासगांव, वाळवें, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांत होते आणि त्यांच्या नव्या जिल्ह्याला सांगली हें नांव १९६० सालीं मिळालें, म्हणून सांगलीकरांनींही आपला माणूस साताऱ्याच्याच सदराखालीं शोधावा.)

१९१४ सालीं पायदळांतील शिपायाला दरमहा ११ रुपये मिळत. हा आंकडा वाचून वंशजाचें मन खट्टू होतें. अकरा रुपयांसाठीं आपला पूर्वज परक्याची लढाई लढला काय? या भागांत हा प्रश्न विशेषच बोंचतो. ७ जून १९४३ रोजीं शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनें पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली, तिची कथा येथें आजही अभिमानानें सांगतात. आणि त्याच वर्षीं याच मुलखांतल्या कित्येक उंबऱ्यांवर पलटणींतून येणाऱ्या मनिऑर्डरची वाट पाहिली जात होती. मग एकाच्या नातवानें मान ताठ करावी व दुसऱ्याच्या नातवानें खालीं घालावी काय?

आम्हांला हा निवाडा मान्य नाहीं. कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर ज्याचें घर चालत नव्हतें, त्यानें आपल्या देहाच्या मोलानें तें चालविलें, यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु लाज झांकण्यासाठीं त्याला मागाहून देशभक्त ठरविणें हेंही आम्हांला तितकेंच अप्रशस्त वाटतें. कागद जें सांगत नाहीं तें त्याच्या तोंडीं घालण्याचा अधिकार नातवालाही नाहीं.

शिवाय या रुक्ष कागदाचा एक गुण सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी कुतच्या वेढ्यांत सांपडल्या होत्या. एप्रिल १९१६ मध्यें तेथील सैन्य शरण गेलें. पुढें १९२९ सालीं बसऱ्याला स्मारक झालें. त्यावर गोऱ्या सैनिकांचीं नांवें कोरलीं गेलीं. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गांवचे ४६ जण त्या महायुद्धांत कामी आले, असें गांव सांगतें. स्मारक बांधणाराला संख्येवर भागवितां आलें. पगार वांटणाऱ्या कारकुनाला ती सवलत नव्हती. रुपया कोणाला दिला हें नांवानिशीं लिहिल्यावांचून त्याचा हिशेब पुरा होत नसे. गौरव करणारांनीं गाळलेलें नांव हिशेबनिसानें राखावें, हा प्रकार विचित्र खरा.

असा कागद सुदैवानें मिळालाच, तर रकमेच्या आधीं वारसाचा रकाना वाचावा. तेथें पुष्कळदां आईचें किंवा बायकोचें नांव असतें, आणि घरच्या वंशावळींत तें शोधूनही सांपडत नाहीं.