हौसेचा भाव

घरच्या छोट्या मागावर विणलेल्या स्टोलची किंमत किती लावावी, हा प्रश्न वरवर हिशोबाचा वाटतो. मला तो नीतीचा वाटतो.

आधी हिशोबच मांडू. २० इंच पन्हा, इंचाला १० धागे, म्हणजे ताण्याचे २०० धागे. प्रत्येक मोजून लांब करायचा, फणीतून ओवायचा, सगळ्यांचा ताण सारखा राखत गुंडाळायचा. इंचाला १० बाणे धरले तर ७० इंच लांबीसाठी धोटा ७०० वेळा इकडून तिकडे. शेवटचा हातभर ताणा मागालाच अडकून राहतो, विणता येत नाही; सूत मात्र त्याचंही विकत आणलेलं असतं. एवढं करून कुणी विकत मागितलं, की आम्ही हौशी विणकर बहुधा सुताचे पैसे घेतो, वर चहापाण्यापुरते. वेळेचं काय, आवडीनं केलंय!

हा उदारपणा मला खटकतो. २०१९-२० च्या हातमाग गणनेत विणकर आणि पूरक कामं करणारे मिळून सुमारे ३५ लाख लोक नोंदले गेले, त्यात स्त्रिया निम्म्याहून कितीतरी जास्त. त्यांच्याकडे विकायला वेळच असतो. पैठणीच्या पदरावरचा मोर घ्या. रंगागणिक वेगळी कांडी, शेजारचे बाणे एकमेकांत गुंतवत जायचं. म्हणूनच तो दोन्ही अंगांनी सारखा दिसतो आणि दिवसभर बसून काही बोटंच पुढे सरकतो.

यंत्रमागाचं कापड स्वस्त का, हे गिऱ्हाइकाला कळतं. तिथे यंत्र आहे. माझा स्टोल मात्र ‘हातानं विणलेला’ म्हणूनच जातो आणि तरी स्वस्त असतो. तो घेणाऱ्याला शिकवतो की हातच स्वस्त आहे. पुढे प्रदर्शनात खऱ्या विणकराशी घासाघीस होते, ती या शिकवणीवर.

यावर म्हणता येईल, की मला मिळणारा आनंद हीच माझी मजुरी. मग कामात रमणाऱ्या विणकराची मजुरीही तेवढी कापायची का? (गाणाऱ्यांना आणि घरोघरच्या सुगरणींना हा युक्तिवाद पाठ आहे.) शिवाय मला जिथे १५ तास लागतात, तिथे सरावाचा हात फार तर चार घेईल. तासांवर भाव लावला तर माझ्या संथपणाचे पैसे होतात. भाव कापडाचाच हवा, आणि तो ठरवण्याचा हक्क ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांचा.

म्हणून हातमागाच्या दुकानात तशा स्टोलला जो भाव असतो, त्याच्या खाली मी विकत नाही. मागणारे कमी झाले. उरलेले स्टोल भेट देते; भेटीला भाव नसतो, निदान असं मी धरून चालले होते. पण माझा स्टोल मिळालेली मैत्रीण यंदा दुकानातून दुसरा घेणार नाही, हेही दिसतंच आहे.